सीताफळाचे सारण

पावणेतीनला माधवीताईंनी फ्रिजमधून पफच्या पिठाची घडी काढली, वजनकाट्यावर ठेवली आणि आकडा पाहिला. आठशे ग्रॅम. घडी पुन्हा आत गेली. मग त्यांनी ओट्यावरच्या वस्तूंवर नजर फिरवली: सुरी, लाटणे, फोर्क, दुधाची वाटी, ब्रश, टाइमर. सगळे जागच्या जागी होते. सफरचंदाच्या सारणाचे प्रमाण त्यांना तोंडपाठ होते, तरी त्यांनी ते एका कागदावर लिहून मिक्सरमागे, कुणाला दिसणार नाही असे, चिकटवले होते. आज चूक होऊन चालणार नव्हती.

बरकतपुऱ्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दर गुरुवारी तीन ते पाच सात बायका शिकायला येत. चौदा वर्षे हा क्लास चालू होता. बायका बदलत, वार बदलत नसे. आज सातांबरोबर आठवी येणार होती. अनुराधा, महिला मंडळाची चिटणीस. मंडळाने काचीगुड्याजवळ एक हॉल घेऊन त्यात शिकवण्यासाठी मोठे स्वयंपाकघर बांधले होते. आठ ओटे, दोन मोठे ओव्हन, एका वेळी चाळीस मुली. तिथे कायमची शिक्षिका हवी होती आणि अनुराधा माधवीताईंचा क्लास बघून समितीला आपले मत कळवणार होती.

माधवीताईंना ते काम मनापासून हवे होते. दहा बाय आठच्या खोलीत चौदा वर्षे काढल्यावर आठ ओटे कुणाला नको असतात? पण दुसरेही एक कारण होते आणि ते त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितले नव्हते. चाळीस मुलींच्या वर्गात शिक्षिकेच्या तोंडापुढे कुणी चमचा धरत नाही. चाखायला मदतनीस असतात.

माधवीताईंना चव कळत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी पाच दिवस ताप आला होता. ताप गेला आणि जाताना जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. महिनाभरात येईल असे त्या स्वतःला सांगत राहिल्या. सहा महिन्यांनी, नवरा ऑफिसला गेल्यावर, एकट्याच रिक्षाने जाऊन डॉक्टरांना दाखवून आल्या. डॉक्टर म्हणाले, येईलही, कदाचित नाहीही, वाट बघा. तेव्हापासून त्या वाट बघत होत्या. मिरचीचा झणका कळे, गरम-गार कळे, मऊ-कुरकुरीत कळे. साखर आणि रेती यांतला फरक फक्त विरघळण्याचा उरला होता.

त्यांचे वडील नामदेवराव उमरीकडचे शेतकरी घरातले, रेल्वेत लागले आणि काचीगुड्याला आले. घरी भाकरी-पिठल्याचाच रिवाज. माधवीला मात्र लहानपणापासून कोपऱ्यावरच्या बेकरीचे वेड. बारावीनंतर सहा महिन्यांचा बेकरी कोर्स केला, लग्न झाले, आणि एक दिवस ती त्याच बेकरीत जाऊन म्हणाली, ''चाचा, पफ नको. पफचं कच्चं पीठ द्या.'' चाचांनी चष्म्यावरून पाहिले. ''कच्चा कायकू होना अम्मा? हम पकाके देरे ना!'' तिने समजावले. दुसऱ्या दिवशी घडी मिळाली आणि तिच्यातून पहिले सफरचंदाचे पफ निघाले. लोणी लावून, घड्या घालून, दिवसभर राबून करायची वस्तू अर्ध्या तासात होते, हे पाहायला शेजारच्या बायका गोळा झाल्या. क्लासची सुरुवात ती. पुढे अननस, केळे, आंबा, पेरू, खजूर आणि खुबानी, म्हणजे जर्दाळू, अशी एकूण सात फळांची सारणे त्यांनी बसवली. काचीगुडा, विद्यानगर, नल्लाकुंटा, कुठेही मराठी घरात बारसे असो की वाढदिवस, लोक म्हणत, ''माधवीताईंना विचारा, त्यांच्या हाताला चव आहे.''

ज्या बाईची ओळखच या एका वाक्यावर उभी, तिने कुणाला आणि कसे सांगावे?

तापानंतरच्या पहिल्याच गुरुवारी कुणीतरी त्यांच्यापुढे सारणाचा चमचा धरला होता. ''चाखा ना ताई.'' माधवीताईंच्या तोंडून निघून गेले, ''आज उपवास आहे माझा.''

झाले! तेव्हापासून दर गुरुवारी उपवास. आयुष्यात ज्या बाईने एकादशीलाही पोहे खाल्ले होते, ती गुरुवारी साबुदाणा भिजवू लागली. नवरा प्रतापराव हरखला. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दत्ताची तसबीर आणून दिली. फक्त सुशीलाबाई म्हणाल्या होत्या, ''गुरुवारी क्लास आणि गुरुवारीच उपवास! हलवायानं एकादशी धरल्यासारखं झालं की गं हे.'' सुशीलाबाई सहासष्ट वर्षांच्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, नऊ वर्षांपासून क्लासला येणाऱ्या. त्यांना पफ केव्हाच येऊ लागले होते. त्या गप्पा मारायला येत.

अशी दोन वर्षे निभावली. सात फळे, सात प्रमाणे, सगळी ग्रॅममध्ये. रंग डोळ्यांनी, घट्टपणा चमच्याने, भाजणी घड्याळाने. चव बायकांच्या चेहऱ्यांवरून. आजवर कुणाला संशय आला नव्हता.

तीनला बेल वाजली. बायका आल्या. अनुराधा बरोबर तीन वाजून दोन मिनिटांनी आली, इस्त्रीची सुती साडी, हातात डायरी. ''तुम्ही नेहमीसारखाच क्लास घ्या हं. मी नाहीच असं समजा,'' असे म्हणून ती सगळ्यांना दिसेल अशा खुर्चीवर बसली.

सगळ्यांत शेवटी योगिनी आली, धापा टाकत. ही सातांतली सर्वांत लहान, कुकटपल्लीच्या कंपनीत नोकरी, गुरुवारी घरून काम. फळ आणायची आज तिची पाळी होती. तिने ओट्यावर पिशवी उलटी केली आणि आतून सफरचंदे नव्हे, सीताफळे घरंगळली. मोठमोठी, डोळे उघडलेली, हात लावताच दबतील अशी.

''सरप्राइज, ताई! अ‍ॅपल कॅन्सल. सासरहून आलीत, धारूरच्या डोंगरातली. नवऱ्याचा मामा सकाळीच टाकून गेला. म्हटलं, रोज रोज तेच काय, आज सीताफळाचे पफ होऊन जाऊ द्या!''

माधवीताईंनी एक फळ हातात घेऊन पाहिले. सीताफळ त्यांच्या सातांत नव्हते. सीताफळ शिजवलेले त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. त्यांच्याकडे ते फोडून चमच्याने खात, विषय संपला.

''अगं, पण सफरचंदं असती तर...''

''सफरचंदं काय, कुणीही करतं,'' खुर्चीवरून अनुराधा म्हणाली. नसल्यासारखे राहण्याचा तिचा निश्चय पाच मिनिटे टिकला होता. ''उलट हेच बघायला आवडेल मला. मुली काहीतरी अनोळखी घेऊन येतात तेव्हा शिक्षिका काय करते, ते कळतं.''

आता नाही म्हणायला जागा राहिली नाही.

माधवीताईंनी स्वतःला बजावले, फळ म्हणजे फळ. गर, साखर आणि ओलावा. ओलावा आटवायचा, बाकी सगळे तेच. त्या बोलू लागल्या तेव्हा आवाज नेहमीसारखाच ठाम होता. ''पफ फुटतो तो ओल्या सारणानं. हे लक्षात ठेवा. सारण असं हवं, की चमचा उभा केला तर क्षणभर उभा राहिला पाहिजे.'' सहा सीताफळे फोडली. गर चाळणीवर घोळून बिया वेगळ्या केल्या. गर काट्यावर ठेवला, पाचशे वीस ग्रॅम. साखर साठ. एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून. कढई गॅसवर.

सुशीलाबाई मान पुढे करून पाहत होत्या. ''शिजवतेस?''

''आटवते.''

''बरं,'' म्हणून सुशीलाबाई मागे टेकल्या.

गर खदखदू लागला. माधवीताई ढवळत होत्या आणि एक डोळा टाइमरवर होता. चौथ्या मिनिटाला त्यांना दिसले, की पांढऱ्या गरावर गुलाबी झाक येते आहे. फिकी, मातकट गुलाबी. केळे काळवंडते, सफरचंद तांबूस होते, हे त्यांना ठाऊक होते. पण गुलाबी? हा रंग चांगला की वाईट, हे सांगायला त्यांच्याजवळ काहीच नव्हते. एरवी कुणीही काय केले असते? चमचाभर तोंडात टाकला असता. त्यांनी गॅस बंद केला आणि सारण परातीत पसरून पंख्याखाली ठेवले.

तोवर पीठ लाटून झाले. चार-चार इंचांचे सोळा चौकोन. ''एका पफला तीस ग्रॅम. जास्त हाव धरली की तोंड उघडतं,'' त्या म्हणाल्या. एक बाई म्हणाली, ''आमच्या ह्यांच्यासारखं.'' हशा झाला. माधवीताईही हसल्या आणि चमचा उचलून पहिल्या चौकोनाकडे वळल्या.

''ताई, थांबा थांबा,'' योगिनी म्हणाली. ''आधी चाखून तर बघा.''

''माझा उपवास आहे बाळा. गुरुवार ना.''

''हो, पण मैदा कुठे खायला सांगतेय? सीताफळ, साखर, दूध. उपवासाला चालतंय की सगळं!''

''कॉर्नफ्लोअर आहे त्यात,'' माधवीताई घाईने म्हणाल्या.

''मक्याचंच की ते,'' दुसरी एक म्हणाली. ''आमच्याकडे एकादशीला मक्याचा चिवडा चालतो.''

''आणि नवं फळ आहे,'' अनुराधा डायरीत काही लिहीत म्हणाली. ''शिक्षिकेनंच आधी चाखायला हवं, नाही का?''

योगिनीने चमचा भरून पुढे धरलाच होता. आठ जोडी डोळे त्या चमच्यावर. माधवीताईंनी तोंड उघडले.

कोमट. गुळगुळीत. मध्ये एक रवाळ कण. बाकी काही नाही, भिंत चाटल्यासारखे. त्यांनी गिळले, क्षणभर विचार केल्यासारखे डोळे बारीक केले, आणि म्हणाल्या, ''छान. मस्त गोड झालंय. सीताफळाचा स्वाद अगदी भरून आलाय.''

मग रिवाजाप्रमाणे प्रत्येकीच्या तळहातावर थोडे थोडे सारण गेले.

कुणी काही बोलले नाही.

एरवी इथे कालवा असे. ''वेलची हवी होती.'' ''अय्यो, किती गोड!'' ''लेकराला न्यायचंय थोडं.'' आज पंख्याचा आवाज ऐकू येत होता. एकीने ओठ मिटून घेतले. एकीने योगिनीकडे पाहिले, योगिनीने खाली. मग एकजण म्हणाली, ''हो, छान आहे,'' आणि बाकीच्यांनी मान हलवली. अनुराधा म्हणाली, ''वेगळीच चव आहे.'' तिने डायरी बंद केली.

काहीतरी बिघडले होते. काय बिघडले होते?

हात आपले काम करत राहिले. तीस ग्रॅम, कडांना पाणी, त्रिकोणी घडी, फोर्कने दाब, वर सुरीची चीर, दुधाचा हात. सोळा त्रिकोण ट्रेमध्ये बसले. दोनशे अंशांवर ओव्हन तापला होता. ट्रे आत गेला आणि टाइमर अठरा मिनिटांवर लागला.

त्या अठरा मिनिटांत माधवीताईंनी काय काय तपासले! डबे आवरण्याच्या निमित्ताने साखरेचा डबा उघडला; चिमूट बोटांत घेऊन चोळली. साखरच होती, मीठ नव्हे. दुधाचे पातेले तिरपे केले, नासले नव्हते. कढईचे बूड पाहिले, करपले नव्हते. परातीत उरलेल्या सारणाचा त्यांनी पाठमोऱ्या उभ्या राहून वास घेतला. सवयीने. नाकात हवा गेली आणि हवाच बाहेर आली. फळ आंबले होते की काय? की बी चिरडली गेली? बी विषारी असते म्हणतात.  पण बिया त्यांनी स्वतः ताटलीत काढल्या होत्या, अखंड, काळ्या, तुळतुळीत.

मागे सुशीलाबाई दुसरा तांब्या पाणी पीत होत्या. योगिनी कागदी रुमालाने तळहात पुसत होती, पुन्हा पुन्हा.

''योगिनी,'' माधवीताई सहज विचारल्यासारखे म्हणाल्या, ''तुला कसं वाटलं गं? साखर आणखी लागेल?''

योगिनी गडबडली. ''नाही ताई... म्हणजे, मला फारसं कळत नाही त्यातलं. तुम्ही म्हणालात ना, बरोबर आहे म्हणून.''

''तरी पण?''

''माझ्याच तोंडाला काहीतरी झालं असेल. सकाळी गोळी घेतली होती मी.''

माधवीताईंना त्या मुलीचा चेहरा सहन होईना. तिने लांबून आणलेले फळ वाया गेले होते आणि ती दोष स्वतःच्या जिभेला देत होती. त्या ओव्हनकडे वळल्या. नऊ मिनिटे उरली होती. काचेआड पफ फुगू लागले होते; एकावर एक पापुद्रे, कडा सोनेरी. बघणाऱ्याला भूक लागावी असे.

टेबलावर वह्या उघड्या होत्या. क्लासची शिस्त म्हणून प्रत्येक गोष्ट लिहायची, हे माधवीताईंनीच लावलेले वळण. पेल्यांसाठी जागा करताना त्यांची नजर एका वहीवर पडली. वही विद्यानगरच्या एका अबोल बाईची होती. ती कधी प्रश्न विचारत नसे, फक्त लिहून घेई. सुवाच्य अक्षरात तिने लिहिले होते: 'सीताफळ गर ५२० ग्रॅम. साखर ६०. पाच मिनिटे आटवणे. रंग गुलाबी होतो. सारण गोड व स्वादिष्ट लागते.' शेजारच्या वहीतही तेच. तिसरीतही. ज्या बायकांनी आत्ता तोंडे वाकडी केली होती, त्यांनीच ते लिहिले होते. ह्या वह्या वर्षानुवर्षे राहतात. मुली-सुनांकडे जातात. पाहुणे जेवायला बसलेले असताना कुणीतरी ह्या ओळी वाचून कढई गॅसवर ठेवणार आणि मग त्या घरात सगळे गप्प होणार.

आजवर त्यांनी खोटे सांगितले ते उपवासाचे. त्याचे ओझे देवाने वाहावे. पण शिकवलेले कधी खोटे नव्हते.

सात मिनिटे. अजूनही गप्प राहता आले असते. अनुराधा उठून जाईल, 'वेगळीच चव' एवढेच समितीला सांगेल. एका फसलेल्या फळावरून कुणी काम काढून घेत नाही. त्यांनी मनात सगळा हिशेब केला आणि तो गप्प राहण्याच्या बाजूनेच निघाला.

''पेन ठेवा जरा खाली,'' माधवीताई म्हणाल्या. ''लिहिलंय ते खोडा.''

बायकांनी वर पाहिले.

''हे सारण कसं लागलं ते मला सांगा. खरं सांगा. मला माहीत नाही.''

''म्हणजे?'' अनुराधाने विचारले. ''तुम्ही चाखलंत ना?''

''चाखलं. मला चव कळत नाही. वासही येत नाही. दोन वर्षं झाली. तो ताप आला होता ना, तेव्हापासून.'' त्या एका दमात बोलल्या. ''उपवास-बिपवास काही नाही. चाखावं लागू नये म्हणून ते सोंग घेतलं होतं.''

ओव्हनची मोटार घुमत होती. सुशीलाबाईंनी तांब्या खाली ठेवला.

''कडू आहे,'' त्या म्हणाल्या. ''कडू जहर. माझी जीभ अजून वाळली नाही.''

''कडू?''

''सीताफळाला आच दाखवत नाहीत, माधवी. माझी सासू बासुंदीतसुद्धा गार झाल्यावर गर घालायची. तापवलं की कडू होतंय ते.''

''मग बोलला का नाहीत? मी कढई ठेवली तेव्हाच?''

''अगं, तू शिक्षिका! मला वाटलं, काहीतरी नवी युक्ती असेल तुझी. आणि वर म्हणालीस, मस्त गोड झालंय. मी म्हटलं, सुशीला, तुझं वय झालं आता, जीभसुद्धा गेली.'' मग अचानक काहीतरी आठवून त्यांनी डोळे वटारले. ''थांब. गेल्या दिवाळीत माझ्या करंजीचं खोबरं खवट आहे म्हणालीस, चार जणींत. ते कसं कळलं तुला?''

''रंगावरून,'' माधवीताई हळूच म्हणाल्या. ''पिवळट दिसत होतं.''

''रंगावरून! आणि मी डबाभर करंज्या कचऱ्यात टाकल्या, बाई!''

कुणीतरी फस्सकन हसले आणि लगेच थांबले, कारण योगिनीचे डोळे भरले होते.

''मी दोन वर्षं तुमच्या शब्दावर करतेय सगळं,'' ती म्हणाली. ''सासूबाई म्हणायच्या साखर जास्त आहे, मी भांडायचे त्यांच्याशी. माधवीताईंनी सांगितलंय म्हणून. क्या बोलूं मैं अब उनको?''

''ती प्रमाणं खरी आहेत, योगिनी. ताप येण्याच्या आधीची, माझ्या जिभेनं बसवलेली.''

''पण तुम्हाला चव कळत नव्हती,'' योगिनी म्हणाली. 

टाइमर वाजला. त्यांनी ट्रे बाहेर काढला. सोळाच्या सोळा पफ उभे राहिले होते, एकाचेही तोंड उघडले नव्हते. इतका देखणा ट्रे गेल्या वर्षभरात निघाला नव्हता. तो तसाच जाळीवर ठेवून त्यांनी फ्रिज उघडला. चौकोन कापून उरलेल्या कडा होत्या. त्या एकमेकींवर रचून पुन्हा लाटल्या, आठ लहान चौकोन काढले आणि रिकामेच ओव्हनमध्ये सरकवले. कुणी करायला सांगितले नव्हते. पण सव्वाचारच वाजले होते आणि क्लास पाचपर्यंत असे.

''उरलेली दोन सीताफळं फोडा,'' त्या म्हणाल्या. ''गॅसजवळ न्यायची नाहीत. साय घोटून घ्या. भाजलेला पफ गार झाला की मधोमध चिरायचा आणि सारण गारच भरायचं. साखर किती, ते तुम्ही सांगायचं. मी काही सांगणार नाही.''

दोघी उठल्या. मग तिसरी. योगिनी जागची हलली नाही. थोड्या वेळाने पर्स उचलून, चपला घालून निघून गेली. दार तिने आपटले नाही. आपटले असते तर बरे, असे माधवीताईंना वाटले.

अनुराधा मात्र शेवटपर्यंत थांबली. गार सारणाचा पफ तिने पूर्ण खाल्ला. निघताना दारात म्हणाली, ''हा फार चांगला झालाय, खोटं नाही सांगत. पण मला समितीला जे घडलं ते सांगावं लागेल, माधवीताई.''

''सांगा.''

''चाळीस मुलींची जबाबदारी आहे. तुम्ही आधीच बोलला असतात, तर वेगळं झालं असतं.''

''आधी बोलले असते तर तुम्ही आलाच नसतात,'' माधवीताई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. अनुराधा जिना उतरली.

संध्याकाळी प्रतापराव विद्यानगरच्या ऑफिसातून आला. चहा झाल्यावर तिने त्याला सगळे सांगितले. त्याने रिकामा कप खाली ठेवला.

''म्हणजे दोन वर्षं आमटीत कधी मीठ जास्त, कधी कमी, ते...''

''तुम्ही बोलला का नाही कधी?''

''तू उपवास करायला लागलीस. मला वाटलं, तुझ्या मनात काहीतरी मोठं चाललंय. अशा वेळी मिठाचं काय बोलायचं माणसानं?'' मग तो चिडला. ''डॉक्टरकडे एकटी गेलीस? रिक्षानं?'' त्या रात्री तो जेवताना तिच्याशी धड बोलला नाही; पण पहिला घास घेतल्यावर म्हणाला, ''मीठ कमी आहे,'' आणि बरणी तिच्याकडे सरकवली.

मंगळवारी मंडळाचा निरोप आला. समितीने दुसऱ्या शिक्षिकेची निवड केली होती; माधवीताईंच्या सहकार्याबद्दल आभार. त्यांनी तो दोनदा वाचला. योगिनीला त्यांनी फोन केला, तिने उचलला नाही. पुढचे दोन दिवस त्यांनी कुणालाच फोन केला नाही. उगाच विचारायचे, मग समोरच्या बाईला संकोच. यायचे असेल ती येईल.

गुरुवारी दुपारी साबुदाणा भिजवलेला नव्हता. बारा वाजता त्या नेहमीसारख्या वरण-भात जेवल्या. पावणेतीनला पिठाची घडी काढली, वजन केले, आत ठेवली. तीन वाजले. तीन वाजून पाच मिनिटे झाली. जिन्यात पावले वाजली आणि वरच्या मजल्यावर निघून गेली. माधवीताई ओट्याला टेकून उभ्या होत्या. बसवत नव्हते. आठशे ग्रॅम पिठाचे दोघांच्या घरात काय करायचे, एवढाच विचार त्या मुद्दाम करत राहिल्या.

तीन वाजून अकरा मिनिटांनी बेल वाजली. दारात सुशीलाबाई होत्या आणि त्यांच्यामागे ती विद्यानगरची अबोल बाई, हातात पेरूंची पिशवी घेऊन. ''रिक्षाच मिळेना. कायकू खडे क्या की सगळे रिक्षावाले, कुणी यायलाच तयार नाही,'' सुशीलाबाई धापा टाकत म्हणाल्या. पाठोपाठ आणखी दोघी आल्या. सातांपैकी चौघी. योगिनी नव्हती.

पेरूचे प्रमाण माधवीताईंना पाठ होते. गर, साखर, चिमूटभर मीठ, लिंबू. सारण आटले, परातीत पसरले, गार झाले.  चौघीही माधवीताईंच्या हातातल्या चमच्याकडे पाहत होत्या. आता ह्या काय करतात?

माधवीताईंनी चमचा भरला आणि सुशीलाबाईंपुढे धरला.

सुशीलाबाईंनी चाखले. तोंड हलवले. मुख्याध्यापिका उत्तरपत्रिका तपासते तशा छताकडे पाहत राहिल्या.  हे प्रमाण माधवीताईंचे होते, त्यांच्या जिभेने बसवलेले, कितीतरी वर्षांचे.

''पुळचट आहे,'' सुशीलाबाई म्हणाल्या. ''हे पेरू आंबट नाहीत गं, नुसतेच बेचव आहेत. तुझं प्रमाण असेल बरोबर, फळ बरोबर नाही.''

''साखर?''

''साखर राहू दे. लिंबू वाढव. अर्धं पीळ आधी.''

माधवीताईंनी लिंबू चिरले, अर्धे पिळले, ढवळले आणि चमचा पुन्हा भरून त्या अबोल बाईपुढे धरला. ''आता तुम्ही सांगा,'' त्या म्हणाल्या.